पाणी मुरतं तिथं

टँकरवाल्यानं पाइपाचं तोंड सोडलं आणि पाच हजार लिटर पाणी नव्या पायवाटेवर भसाभसा पडायला लागलं, तसे जमलेले लोक सवयीनं दोन पावलं मागं सरले. कुणी लेंग्याची टोकं वर धरली, शाळेच्या बाईंनी निऱ्या उचलल्या. पण पाणी कुणाच्या पायापर्यंत आलंच नाही. पडत होतं तिथंच ते दिसेनासं होत होतं. ओघळ नाही, डबकं नाही. पाइपातून बाहेर पडतानाचा तेवढा आवाज, आणि त्याच्याखाली काहीच नाही. टँकर रिता झाला तेव्हा वाट नुसती काळपट ओली दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहिरूनंही हात उचलले, कारण वाट त्याच्याच हातची होती. पण ते हात एकमेकांना लागलेच नाहीत. आपण हे पाहिलेलं आहे, असं त्याला वाटलं. कधी, कुठं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तेजस्विनी मॅडम लोकांना समजावून सांगत होत्या. नारायणगावकडच्या बागाईतदार घरातली मुलगी, पुण्यात शिकून इंजिनिअर झालेली, तिशीही न ओलांडलेली. ही वाट म्हणजे तिचं पहिलं मोठं काम. "ह्यात वाळू घातलेलीच नाही," ती सांगत होती. "नुसती बारीक खडी, आणि ती एकमेकीला धरून राहील एवढंच सिमेंट. मधल्या फटींतून पाणी खाली उतरतं. खाली फूटभर मोठ्या दगडांचा थर आहे. त्यातून ते पाइपानं खालच्या आडाकडं जातं, राहिलेलं मातीत मुरतं. आता इथं चिखल नाही, पोरं घसरून पडणं नाही." मग ती हसली आणि म्हणाली, "थोडक्यात काय, ही जमीन आता पाणी पिते."

बहिरूनं मान खाली घातली. त्याच्या पायाखाली खडी होती. एकेक खडा त्याच्या माणसांनी सिमेंटात घोळवून, रूळ फिरवून बसवलेला. काम चालू असताना गडी त्याला चिक्की म्हणायचे. दिसायचंही तसंच, शेंगदाण्याऐवजी खडे, एवढाच फरक. सात दिवस ते प्लास्टिकखाली झाकून ठेवलं होतं आणि बहिरू रोज सकाळी प्लास्टिकची कड उचलून बघायचा, तापातल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा हात ठेवायचा. तेवीस वर्षं तो हे काम करत होता. जुन्नरच्या निम्म्या गल्ल्यांतल्या फरशा त्यानं बसवल्या असतील. पण आजवर त्याच्या कामात पाणी वरून वाहून गेलं होतं. आत शिरेल असं त्यानं काही केलं नव्हतं. ह्या कामाला हो म्हणताना ते त्याच्या लक्षात का आलं नाही, की आलं होतं आणि आपणच ते बाजूला सारलं, हे त्याला आता आठवेना.

लोक चहाकडं वळले तसा तो उतारानं खाली गेला. बाजाराच्या मागच्या अंगानं शाळेकडं चढणारी ही तीनशे फुटांची वाट. उजव्या हाताला शाळेची जागा. डाव्या हाताला वाट पेलून धरणारी दोन पुरुष उंचीची जुनी दगडी भिंत, आणि भिंतीच्या पायाशी, भिंतीलाच पाठ लावून बसलेली घरांची एक गल्ली. सगळ्यात खाली आड. आडावर पाइपाचं तोंड काढलेलं होतं. वाटेनं पाच हजार लिटर पाणी गिळून अर्धा तास होत आला होता. पाइपाच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळत होता. बहिरू बघत असतानाच तो पडला. मग दुसरा आला नाही. त्यानं पाइपाला कान लावला. आत वारासुद्धा नव्हता.

ठेकेदार आदेश मागून आला, हातात चहाचे दोन कप. "काय राव बहिरूभाऊ, हितं काय करता? सायब तिकडं तुमची तारीफ करत्यात."

"पानी आलं न्हाई खाली."

"मुरलं आसंल. त्याच्यासाठीच केलं ना? घ्या, च्या घ्या."

बहिरूनं कप घेतला. तो न पिताच त्यानं आडाच्या कडेवर ठेवला.

हेकळवाडीचा ओढासुद्धा असाच थांबला होता. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, आंबेगाव तालुक्याच्या पार कडेला, डोंगराच्या कुशीत नऊ घरं, त्यातलं एक बहिरूचं. पावसाळ्यात ओढ्याचा आवाज इतका, की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागायचं. माणसांना त्याची इतकी सवय, की ते बोलणं मोठ्यानं आहे हे बाहेरचा कुणी आल्याशिवाय कळायचं नाही. त्या वर्षी नऊ दिवस पाऊस हटला नव्हता, आणि दहाव्या दिवशी सकाळी आईनं, प्रयागबाईनं, भाकरी थापता थापता हात थांबवला आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाली, "वढा गप का झाला रं?" तिचा आवाज घरात एवढा मोठा वाजला की ती स्वतःच दचकली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ओढ्यातले दगड उघडे पडले होते. "जरा वर जाऊन बघ," ती म्हणाली, "पानी कुठं जातंय." तो एकोणीस वर्षांचा होता. इरलं पांघरून तो वर गेला. सगळ्यात वरच्या भाताच्या खाचरात, हिरड्याच्या झाडापासून पार बांधापर्यंत, जमीन उकललेली होती. वीतभर रुंद. डोंगरावरून येणारं सगळं पाणी त्या फटीपाशी यायचं आणि आत जायचं. खळखळ नाही, बुडबुडा नाही. त्यानं हातातली काठी आत घातली. काठी संपली, हात कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही. किती वेळ तो तिथं उकिडवा बसून होता कुणास ठाऊक. भीती वाटली नाही, हेच त्याला नंतर सगळ्यात जास्त टोचत राहिलं. उलट बघत राहावंसं वाटत होतं.

मग त्याला जीप आठवली. त्याच दिवशी दुपारी खालच्या रस्त्यावरून घोडेगावची जीप निघणार होती. जुन्नरला एका गवंड्यानं त्याला कामावर बोलावलं होतं. वर्षभर वाट बघून आलेलं पहिलं बोलावणं. खाली जाऊन फटीचं सांगितलं तर म्हातारे जमणार, सगळी वाडी वर चढणार, दगड-माती घालून फट बुजवायला तरण्या माणसांना धरणार, आणि जीप जाणार. त्यानं हे असं सरळ ओळीत ठरवलं नाही, उतरता उतरता ते आपोआप ठरत गेलं, आणि उंबऱ्यावर पाय पुसताना तोंडातून निघालं, "काय न्हाई आये. जमीन पानी पितीया."

"पिऊ दे," आई म्हणाली. "तान्हेली आसंल." आणि तिनं फडक्यात चार भाकरी बांधून दिल्या. धाकटी बहीण चिमा जीपपर्यंत यायला निघाली होती. पाऊस फार आहे म्हणून त्यानंच तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला. नऊ घरं आणि एकतीस माणसं.

त्यानंतरच्या दिवसांतलं त्याला चिखलाचा वास सोडून फारसं आठवत नव्हतं. फक्त एक चष्मेवाले साहेब आठवत होते. ते कुठल्या खात्याचे होते तेही त्याला माहीत नव्हतं. छत्री धरून ते उभे होते आणि कुणाला तरी सांगत होते, "असा डोंगर सुटला की माणसाच्या हातात काही नसतं. आदल्या दिवशी कळलं असतं तरी काय करणार होता?" ते वाक्य बहिरूला सांगितलेलं नव्हतं, पण त्यानं ते उचललं. तेवीस वर्षं ते त्याच्याजवळ होतं. लग्नात, मुलगी झाली तेव्हा, दर पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचे आवाज वाढले की तो ते मनातल्या मनात म्हणायचा. काय करणार होता. काय करणार होता. त्यावर तो जगला होता असं म्हटलं तरी चालेल. फटीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

टँकरच्या दिवसानंतर तो त्या वाटेनं जाईनासा झाला. एसटी स्टँडकडून वळसा घालून कामावर जायचा. पण ती वाट त्याच्याबरोबर असायची. भर बाजारात, मोटारसायकलींच्या कलकलाटात, मधेच त्याला पायाखाली पोकळ वाटायचं आणि तो पाऊल जपून टाकायचा, झोपलेल्या माणसांच्या मधून चालावं तसं. संध्याकाळी मोहिनी, त्याची बायको, कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होती. पाणी वर क्षणभर तुंबलं आणि गडप झालं. तो बघत उभा राहिला. "काय बगताय?" ती म्हणाली. तो म्हणाला, "आजून घाल." तिनं आणखी तांब्याभर घातलं. तेही गेलं. मग कुंडीच्या बुडाच्या भोकातून पाणी बाहेर आलं, फरशीवर पसरलं, आणि त्याला हायसं वाटलं. "येडंबिडं लागलं का काय?" मोहिनी हसून म्हणाली, पण नंतर जेवताना ती त्याच्याकडं दोनतीनदा बघत राहिली.

चौथ्या दिवशी परतीच्या पावसाची एक जोरदार सर तासभर पडून गेली. बहिरूचे पाय त्याला न विचारता आडाकडं गेले. पाइप कोरडा होता. परत फिरताना तो भिंतीखालच्या गल्लीतून निघाला. शेवटून तिसऱ्या घरासमोर कुशाबाई दोरीवर गोधड्या टाकत होती. एकटी बाई, सत्तरीची. गल्लीगल्लीतल्या लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. काम चालू असताना तिनं गड्यांना कितीदा पाणी दिलं होतं.

"मावशी, पावसात भिजल्या व्हय?" त्यानं विचारलं.

"पावसात कशाला भिजतील? घरात भिजल्या." ती एक गोधडी पिळू लागली. "मागल्या भितीला घडी करून ठेवल्या व्हत्या. लोकाच्या हायेत रं, काय तोंड दाखवू?"

तो वाकून आत गेला. एकच लांबोडी, अंधारी खोली. मागची भिंत म्हणजे वाटेखालची तीच दगडी भिंत. घरानं वेगळी भिंत घातलेलीच नव्हती. त्यानं पंजा लावला. दगड ओला नव्हता, घामेजलेला होता. दोन दगडांच्या सांध्यातून माती सुटून जमिनीवर त्याची बारीक रांग पडली होती. आणि मधोमध, छातीच्या उंचीला, भिंतीला पोट आलं होतं.

"हे पोट कधीपासनं?"

"माज्या लग्नापासनं हाय," कुशाबाई दारातून म्हणाली. "माजी सासू म्हनायची, भीत गरवार हाय."

ती हसली. बहिरूला हसता आलं नाही. त्यानं पिशवीतला ओळंबा काढला, भिंतीलगतच्या वाशाला दोरी बांधली आणि वजन खाली सोडलं. दोरी स्थिर झाल्यावर त्यानं दोरी आणि पोटातल्या सगळ्यात पुढं आलेल्या दगडाच्या मधलं अंतर मोजलं. चार बोटं. ओळंबा त्यानं तसाच टांगता ठेवला. "मावशी, ह्याला हात लावू नका," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

त्या संध्याकाळी तो मॅडमच्या कचेरीसमोर जाऊन उभा राहिला. आत दिवा होता. त्याला काय सांगायचं होतं? पाइप कोरडा आहे, भिंत घामेजली आहे. एवढंच तर होतं. ह्याच्यावरून तीनशे फुटांचं, साहेबांनी टाळ्या वाजवलेलं काम वाईट म्हणायचं, आपलंच काम. आदेश पुढच्या कामाला त्याला घेणार नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं. तोंड उघडलं की हेकळवाडी बाहेर येईल, असं त्याला वाटत होतं. एकदा ही ओल सांगितली की ती फटही सांगावी लागेल. तो पायऱ्यांपाशी चपला काढून पुन्हा घालत राहिला. दिवा मालवून मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय मुकादम, काही काम होतं?" आणि तो म्हणाला, "काय न्हाई."

ते शब्द तोंडातून निघाले आणि त्यानं स्वतःचा आवाज ऐकला. एकोणीस वर्षांच्या पोराचा आवाज. तोच हलका, बेफिकीर. मॅडम स्कूटरला किल्ली लावत होत्या. बहिरू अनवाणीच त्यांच्यामागं धावला.

"न्हाई मॅडम. हाय. काम हाय."

त्यानं सगळं सांगितलं, म्हणजे जुन्नरचं सगळं. त्याच पावली तेजस्विनी त्याच्याबरोबर कुशाबाईच्या घरी आली, मोबाइलच्या उजेडात भिंत पाहिली, पंजा लावला, कुशाबाईला पन्नास प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर म्हणाली, "दादा, भिंत जुनी आहे, पोट जुनं आहे. पावसाळ्यात असली भिंत ओल धरतेच. पाणी पाइपाला का येत नाही, हे मात्र मलाही कळत नाही. खाली दुसरी काही वाट मिळाली असेल त्याला. मी उद्या पुण्याला जातेय, तिथं आमच्या सरांना विचारते. सोमवारी खोदून बघू."

"सोमवारपातूर..."

"तुम्हाला नक्की वाटतंय का, की काहीतरी होईल?"

नक्की. बहिरूनं ह्या शब्दावर किती वर्षं घालवली होती. नक्की कुणालाच नसतं. काठी तळाला लागली नव्हती, एवढंच त्याला नक्की माहीत होतं. "वाटतंय," तो म्हणाला. "मोजून सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून सांगता आलं. दोरी तिथंच होती, वजन तिथंच होतं, पण दगड दोरीपासून अडीच बोटांवर आला होता. बहिरूनं दोनदा मोजलं, मग कुशाबाईला मोजायला लावलं. तिची बोटं बारीक. तिला तीन भरली. त्यानं तेजस्विनीला फोन लावला. ती गाडीत होती. त्यानं दोन्ही मापं सांगितली. मग ती म्हणाली, "वाटेवर प्लास्टिक टाका, सगळ्या. एक थेंब आत जाऊ देऊ नका. आणि गल्लीतली माणसं बाहेर काढा. आदेशना मी सांगते. मी परत फिरते."

आदेश कुरकुरला. "एका म्हातारीच्या भितीसाठी, राव," असं दोनदा म्हणाला. पण मॅडमचा फोन झाल्यावर गड्यांना घेऊन त्यानं प्लास्टिकचे गुंडाळे उलगडले. आभाळ भरून आलं होतं. गल्लीत सहा घरं. पाच घरांतली माणसं बडबड करत का होईना, शाळेच्या पडवीत गेली. कुशाबाई जागची हलेना. तिच्या मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी होती.

"भीत माजी हाय का तुजी?" ती म्हणाली. "पन्नास वर्सं मी तिच्याकडं पाठ करून झोपले. आता ह्या वयात शाळंत जाऊन बसू? तू जा."

"मावशी, दोन दिसांचा सवाल हाय."

"मला दोन दिसांत गोधडी द्यायचीया."

बहिरूनं हात जोडले. गोधड्या आपण उचलून नेतो म्हणाला, मॅडमचा हुकूम आहे म्हणाला, हुकूम मोडला तर काय होईल ह्याचं खोटंनाटं काहीबाही सांगितलं. ती सुई ओढत राहिली. बाहेर पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर वाजले. तो मागं गेला आणि त्या पोटाला पाठ लावून जमिनीवर बसला.

"तुमी न्हाई उठला तर मी बी हितंच बसतो."

शर्टातून गारवा पाठीला लागला. त्याला वाटलं होतं की आपण हट्टानं बसलो आहोत, म्हातारीला धाक म्हणून. पण बसल्यावर म्हातारीचं त्याला भानच राहिलं नाही. पाठीमागं, दगडांच्या आत, खूप लांब, काहीतरी होतं. आवाज नव्हता, आवाज होण्याच्या आधीचं काहीतरी. असंच असेल का ते, त्याच्या मनात आलं. आई चुलीपुढं बसली असेल, चिमा केस विंचरत असेल, आणि त्यांच्या पाठीमागं हे असंच गप्प बसलेलं असेल. त्यांनी मागं वळून पाहिलं असेल का? इथंच बसून राहावं, असंही एकदा त्याला वाटलं; अगदी सहज, दमलेल्या माणसाला ओट्यावर टेकावंसं वाटतं तसं. त्यानं डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहतंय, हे त्याला कुशाबाईचा हात लागल्यावर कळलं.

ती त्याच्यासमोर वाकून उभी होती. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं सुई गोधडीत खोचली, गोधडीची घडी घातली आणि म्हणाली, "ऊठ लेकरा. चल. तुज्यासाठी येते मी, भितीसाठी न्हाई."

सव्वाचारला भिंत गेली. शाळेच्या पडवीतून दिसली ती फक्त धूळ, आणि पाऊस असूनही ती धूळ कितीतरी वेळ वर राहिली. आवाज आधी आला की नंतर, ह्यावर लोक पुढं भांडत राहिले. तीन घरं दगडाखाली होती. कुशाबाईच्या घराचा पत्रा तेवढा एका कोपऱ्यात उभा राहिला होता. चिखलानं माखलेली तेजस्विनी ढिगाऱ्यावर चढली तेव्हा तिला कापलेल्या मातीत खापराचा एक जुना नळ दिसला, मांडीएवढा जाड, मधे फुटलेला. कुण्या जुन्या काळी गावात पाणी खेळवण्यासाठी पुरलेला आणि कागदावर कुठंच नसलेला. वाटेखालचं सगळं पाणी त्यानं ओढून घेतलं होतं आणि भिंतीच्या पाठीशी नेऊन सोडलं होतं. "आपल्याला कसं कळणार होतं," ती म्हणत राहिली. मग ती बहिरूकडं वळली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून. दादा, तुम्ही सांगितलंत म्हणून माणसं वाचली."

लोक त्याच्याभोवती जमले. कुणी पाठ थोपटली, कुणी फोटो काढला. आदेशनं त्याचा हात धरून वर केला आणि म्हणाला, "आमचा मुकादम, राव! आदल्या दिशी वळखलं गड्यानं." मुलं टाळ्या वाजवत होती. एका बाईनं आपलं तान्हं पोर त्याच्या पायावर घातलं. बहिरू त्या गर्दीत उभा होता आणि ते चष्मेवाले साहेब त्याला आठवत होते, त्यांची छत्री, त्यांचे हलणारे ओठ; पण ते काय म्हणाले ते काही केल्या ऐकू येईना. आदल्या दिवशी कळलं होतं. आदल्या दिवशी सांगितलं होतं. माणसं उठून गेली होती, आणि जिवंत होती. एवढं सोपं होतं. दोन वाक्यं, एक फोन, एका म्हातारीचा हट्ट. वाडीत तर फोनचीही गरज नव्हती. ओरडलं असतं तरी पुरलं असतं. ओढा गप्प होता. खालपर्यंत ऐकू गेलं असतं.

तो गर्दीतून सुटला आणि पडवीच्या पार टोकाला गेला. तिथं कुशाबाई आपल्या बोचक्यावर बसली होती. घर गेलेल्या बाईकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती पावसाकडं बघत होती. बहिरू तिच्याशेजारी खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले.

"मावशी," तो म्हणाला, "मी एकदा सांगितलं नव्हतं."

तिनं वळून पाहिलं नाही. कुणाला, काय, कधी, असं काही विचारलं नाही. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे लेकरा, झालं गेलं. तसं म्हणाली असती तर तो उठून गेला असता.

"मंग आता सांग," कुशाबाई म्हणाली.

बहिरूनं तोंड उघडलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला लोक अजून मोठमोठ्यानं बोलत होते.

"वरल्या अंगाला पहिलं घर सावळेरामाचं," तो म्हणाला. "त्येच्यात चार माणसं. त्यो, त्येची बायकू धोंडाबाई, आन् दोन पोरं. थोरला माज्या बरुबरीचा. त्येच्याखाली सोमाजीचं..."